जेवणाचं बिगूल आणि काळा कोट : आगबोटीवरच्या पोशाखाची गोष्ट

(व्याख्यानमालेतील पाचवे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत तह झाले, लढाया झाल्या, दुष्काळ झाले. आज जरा हलकं काहीतरी घेऊ या, असं संयोजकांनी सुचवलं. म्हटलं ठीक आहे, कपड्यांवर बोलतो. कपड्यांइतकं हलकं दुसरं काय असणार? पण तयारीला बसलो आणि लक्षात आलं, हा विषय दिसतो तेवढा हलका नाही. माणूस काय घालतो यापेक्षा, त्याला काय घालायला लावतात आणि तो ते घालतो की नाही, यात पुष्कळ इतिहास दडलेला असतो. आणि हे बघायला समुद्रावरची आगबोट ही फार सोयीची जागा आहे. दोन-तीन आठवडे तीच माणसं, तोच डेक, तेच जेवणाचं टेबल. पळून जायला जागा नाही! (हशा)

आधी एक फरक सांगतो. आज आपण ज्याला क्रूझ म्हणतो, त्यात बोट हाच मुक्काम असतो. माणूस बोटीवर मजा करायला जातो आणि जिथून निघाला तिथेच परत येतो. पूर्वीच्या आगबोटी तशा नव्हत्या. त्या टपाल आणि माणसं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेत. त्यांना लायनर म्हणत. चैन होती, पण ती वाटेत वेळ घालवण्यासाठी. निव्वळ सहलीसाठी बोट काढायची कल्पना रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. हॅम्बुर्गचे आल्बर्ट बालीन यांच्याकडे ऑगस्टा व्हिक्टोरिया नावाची मोठी बोट होती. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला, उतारू मिळेनात. मग जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी ती भूमध्य समुद्रात सहलीला पाठवली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. सहल मात्र जोरात चालली. पुढे १९०० साली तर केवळ सहलीसाठी बांधलेली प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइझे ही बोट आली. म्हणजे आजच्या क्रूझचा जन्म रिकाम्या केबिनच्या चिंतेतून झाला.

ट्रंकेवरची चिठ्ठी

आपला संबंध आला तो मुख्यतः पी अँड ओ कंपनीशी. पूर्ण नाव पेनिन्सुलर अँड ओरिएंटल. १८३७ मध्ये इबेरियन द्वीपकल्पाकडे टपाल न्यायचं कंत्राट त्यांना मिळालं, म्हणून पेनिन्सुलर. १८४० मध्ये कारभार पूर्वेकडे वाढला, म्हणून ओरिएंटल. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हा या सगळ्या वाटेचा नाका झाला. बोटीच्या वेळेवर आगगाड्या चालत. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल थेट बॅलार्ड पियरवरून सुटायची. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरला की गाडीत, ते पेशावरपर्यंत.

आता प्रवासाची तयारी. सामानावर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागत. एक चिठ्ठी ‘केबिनमध्ये हवं’, दुसरी ‘प्रवासात लागेल’ आणि तिसरी ‘प्रवासात लागणार नाही’. तिसरी चिठ्ठी चिकटली की ती ट्रंक बोटीच्या तळाशी गेली, ती मुक्कामाच्या बंदरातच बघायची. दुसऱ्या चिठ्ठीच्या ट्रंका सामानखोलीत, आणि ती खोली ठरलेल्या वेळीच उघडायची. केबिनमधली ट्रंक मात्र बुटकी हवी, कारण ती पलंगाखाली सरकवायची. आणि हे सगळं कशासाठी? तर कपड्यांसाठी. एडनला उकाडा, तांबड्या समुद्रात भट्टी, पोर्ट सैदच्या पुढे गार वारा. एकाच प्रवासात तीन ऋतू. पुन्हा रोज रात्री कडक इस्त्रीचा शर्ट आणि ताठ कॉलर! समुद्रावर धुलाईची सोय बेताची, म्हणून लोक डझनावारी कॉलर बरोबर घेत. जुन्या काळी डेकवर बसायची आरामखुर्चीसुद्धा घरून न्यावी लागे, तीवर नाव रंगवून. आपण रेल्वेत वळकटी न्यायचो ना, तसंच. फक्त वळकटीवरून भांडणं झाली, खुर्चीवरून सभ्यपणे झाली. (हशा)

पोर्ट सैदला सायमन आर्ट्झ नावाचं मोठं दुकान होतं. हिंदुस्थानकडे येणारा प्रत्येक नवखा साहेब तिथे सोला हॅट घ्यायचा. आणि नोकरी संपवून कायमचा मायदेशी निघाला, की पोर्ट सैद ओलांडताना तीच हॅट समुद्रात फेकून द्यायची, अशी प्रथा पडली होती. म्हणजे हॅट डोक्यावर चढली की साहेब हिंदुस्थानात आला, आणि पाण्यात पडली की सुटला. सीमारेषा नकाशावर नव्हती, डोक्यावर होती.

अर्ध्या तासाचं बिगूल

दिवस कसा जायचा? सकाळी स्नानगृहाचा नोकर टब भरून ठेवायचा. पाणी समुद्राचं, खारं आणि गरम. त्यात साधा साबण फेसाळत नाही. शेवटी अंगावर घ्यायला एका छोट्या घमेल्यात गोडं पाणी. म्हणजे एवढ्या श्रीमंत बोटीवर आपल्या दोन तांब्यांची आंघोळ! मग न्याहारी. अकराच्या सुमाराला डेकवर गरम सूप फिरायचं. दोरीच्या कड्या फेकायचा खेळ, काठीने चकत्या ढकलायचा खेळ. आणि सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे बोट चोवीस तासांत किती मैल गेली यावरची पैज. दुपारी आकडा फलकावर लागला की पाद्रीसुद्धा चष्मा शोधत धावायचे.

विषुववृत्त ओलांडताना वरुणदेवाच्या, म्हणजे त्यांच्या नेपच्यूनच्या दरबाराचा तमाशा करायचा, नवख्यांना साबण फासून पाण्यात बुडवायचं, हे आपण चित्रपटांत पाहिलंय. पण मुंबई–लंडन वाटेवर विषुववृत्त लागतच नाही. त्यामुळे आपल्या बोटींवर नेपच्यूनऐवजी वेषांतराचा नाच असे. पडदे, उशांचे अभ्रे, पगड्या, हाताशी येईल ते गुंडाळून लोक सुलतान आणि चाचे व्हायचे. बघा, बाकी सगळे दिवस शिस्तीत गुंडाळलेला समाज एका रात्रीपुरता सुटायचा. आपल्याकडची शिमग्याची सोंगं आठवा.

आणि मग संध्याकाळ. जेवणाआधी बिगूल वाजायचं. टायटॅनिकवरही जेवणाची वर्दी बिगुलानेच दिली जात होती. काही बोटींवर आधी कपडे बदलायचं, मग जेवणाचं. बिगूल हे लष्कराचं वाद्य. ते सुपासाठी वाजायचं, यातच सगळं आलं.

पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी काळा डिनर कोट, पांढरा कडक शर्ट, काळा बो; बायकांनी पायघोळ गाऊन. हा आखूड काळा कोट मुळात बंडखोर आहे बरं का! त्याआधी मागे शेपटं असलेला लांब कोट घालावा लागे. १८६० च्या दशकात लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्यांनी युवराज एडवर्डसाठी घरच्याघरी घालायला शेपटाविना आखूड कोट शिवला. अमेरिकेत त्याला टक्सिडो म्हणू लागले. म्हणजे ज्याला आज आपण कडक शिस्तीचा पोशाख समजतो, तो एका राजपुत्राने आराम वाटावा म्हणून शिवून घेतलेला होता. आजची सैल बंडी उद्याची सक्ती होते, हे लक्षात ठेवा.

या नियमाला एक सुटका होती. प्रवासाच्या पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री नटायचं नाही. कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसतात आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असतात. साधं कारण. पण हे कुठे लिहिलेलं नसे, ते माहीत असावं लागे. आमचे एक मामा साठीच्या दशकाच्या सुरुवातीला शिकायला बोटीने विलायतेला गेले. गिरगावातल्या शिंप्याकडून काळा सूट शिवला होता. टायची गाठ शेजारच्या वकिलांनी आठवडाभर शिकवली होती. पहिल्याच रात्री मामा संपूर्ण जामानिमा करून भोजनगृहात हजर. बघतात तर बाकी सगळे साध्या कोटात! मामा सांगायचे, ‘मला वाटलं, ही सगळी मंडळी गावंढळ आहेत.’ (मोठा हशा) शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीला ते इतके आवडले, की पुढचे सगळे दिवस ती त्यांना बॅरिस्टर म्हणायची. मामा गेले होते कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला.

या नटण्याचं वेड किती होतं, त्याचा एक साक्षीदार मार्क ट्वेन. जानेवारी १८९६ मध्ये तो सिलोनहून रोझेटा नावाच्या बोटीने मुंबईला आला. बोट इतकी जुनाट, की विमा उतरवून ती बुडवावी असं त्याने प्रवासवर्णनात गमतीने म्हटलंय. आणि अशा बोटीवरसुद्धा सगळे रोज रात्री धर्मकर्तव्य असल्यासारखे नटून जेवायला येत. भिंतींचे पोपडे निघालेले आणि माणसं मात्र इस्त्रीत. त्याला त्या विसंगतीची मोठी गंमत वाटली. मला वाटतं, बोट जितकी जुनी तितकी इस्त्रीची गरज जास्त. घर गळकं असेल तेव्हा पाहुण्यांसमोर चादर नवी घालतो, तसंच.

तांबडा समुद्र आणि कमरबंद

पण निसर्गाला बिगूल ऐकू येत नाही. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपणं अशक्य. मग गाद्या डेकवर. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पहाटे खलाशी डेक धुवायला पाण्याचे नळ घेऊन आले, की साहेबलोक गाद्या बगलेत मारून पळत. कंपन्यांनीही उपाय केले. पी अँड ओ च्या बोटी पूर्वी काळ्या असत. १९३१ मध्ये स्ट्रॅथनेव्हर आणि स्ट्रॅथएर्ड या बोटी पांढऱ्याशुभ्र रंगात आल्या. पांढरा रंग ऊन परतवतो. म्हणजे बोटीने कपडे बदलले, पण आतल्या माणसांनी काळा कोट सोडायला वेळ घेतला!

शेवटी तडजोड निघाली. उष्ण प्रदेशात कोट काढायचा, नुसता उघड्या गळ्याचा पांढरा शर्ट, काळी पँट, आणि कमरेला रुंद रेशमी पट्टा. याला आजही आरमारात ‘तांबड्या समुद्राचा पोशाख’ म्हणतात. आणि तो कमरेचा पट्टा, ज्याला इंग्रज ‘कमरबंड’ म्हणतात, तो आपला कमरबंद. शब्द फारसी, हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो उकाड्यात जाकिटाऐवजी उचलला आणि तिथून तो थेट लंडनच्या मेजवानीत गेला.

आता ‘पॉश’ या शब्दाचं बघू. आपण मराठीत सर्रास म्हणतो, ‘एकदम पॉश हॉटेल!’ याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हिंदुस्थानकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे, म्हणजे सावलीत. परत जाताना उजवी सावलीत. म्हणून श्रीमंत उतारू जाताना ‘पोर्ट’ आणि येताना ‘स्टारबोर्ड’ बाजूची केबिन घेत, तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ असा शिक्का बसे, आणि त्याच्या आद्याक्षरांचा झाला ‘पॉश’. गोष्ट झकास आहे. अडचण एकच. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. सावलीची केबिन लोकांना हवीशी असणार, यात शंका नाही. पण शब्दाचा जन्म त्यातून झाला, याला पुरावा नाही. तरी ही गोष्ट मरत नाही, कारण ती आपल्याला आवडते. इतिहासात अशा गोष्टींपासून सांभाळावं लागतं. चुकीची गोष्ट कंटाळवाणी असती तर कामच सोपं होतं.

आपली माणसं डेकवर

आता आपल्याकडे वळू. आपल्या माणसांपुढे प्रश्न कोणता कोट घालायचा हा नव्हता. मुळात बोटीवर पाऊल ठेवायचं की नाही, हा होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, परत आल्यावर प्रायश्चित्त, नाहीतर वाळीत.

१८८८ चा प्रसंग घ्या. मोहनदास गांधी, वय अठरा, मुंबईच्या बंदरावर. त्यांच्या मोढ वाणी जातीच्या पंचायतीने त्यांना बहिष्कृत केलं आणि जो कोणी त्यांना बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड! ४ सप्टेंबरला ते क्लाइड बोटीने निघाले. आत्मकथेत त्यांनी हे सगळं मोकळेपणाने लिहिलंय. नेकटायचा तेव्हा तिटकारा होता, आखूड कोट असभ्य वाटायचा. काटा-सुरी हातात धरता येत नव्हती, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस नव्हतं. म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खात राहिले. केबिनमधले सोबती जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार त्यांना डेकवर ये, लोकांशी बोल म्हणून परोपरीने सांगत.

आणि उतरताना काय घातलं? बोटीवर काळा सूट वापरला होता. विलायतेच्या भूमीवर पाऊल ठेवताना चांगलं दिसावं म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट मुद्दाम राखून ठेवलेला. उतरून बघतात तर हिवाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या कपड्यात ते एकटेच! बाकीचे कपडे सामानात, सामान एजंटकडे, आणि उद्या रविवार. सोमवारपर्यंत पांढऱ्यातच राहायचं. त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या डॉक्टर मेहतांची रेशमी उंच हॅट त्यांनी कुतूहलाने उलट्या दिशेने कुरवाळली आणि तिची लव विसकटली. मेहतांनी तिथेच विलायती रीतीचा पहिला धडा दिला. १८९१ मध्ये परत आल्यावर थोरले बंधू त्यांना नाशिकला गोदावरीत स्नान घालायला घेऊन गेले, जातीच्या समाधानासाठी. म्हणजे विलायतेची परीक्षा कपड्यांनी घेतली आणि घरची परीक्षा कपडे काढून द्यावी लागली. (हशा)

याच्या पाच वर्षं आधी, एप्रिल १८८३ मध्ये, कलकत्त्याहून अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाली होती. सोबत मिशनरी बायका, अंगावर लुगडं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिने जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत उघड सांगितलं होतं. बोटीवर, मग फिलाडेल्फियाच्या थंडीत, हा पोशाख टिकवणं म्हणजे काय, याचा विचार करा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून तिकडे तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. धर्म नाही सोडला, नेसण सोडली. घरच्यांशी त्यावरही पत्रापत्री झाली. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. अठरा वर्षांच्या मुलीने एकाच वेळी दोन समाजांच्या पोशाखी कायद्यांशी वाटाघाट केली. गाऊनवाल्या कुठल्याही लेडीपेक्षा ही मला जास्त ऐटदार वाटते.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बोटच आपल्या नियमात बसवली. १९०२ मध्ये एडवर्ड सातवे यांच्या राज्यारोहणाला जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह निघाले. ऑलिंपिया ही नवी बोट संपूर्ण भाड्याने घेतली. नवी अशासाठी, की तिच्या स्वयंपाकघरात कधी गोमांस शिजलेलं नसावं. गंगाजल भरलेले माणसाच्या उंचीचे चांदीचे कलश बरोबर. त्यातले दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये उभे आहेत. बाकीच्यांना बोट सांगायची काय घालायचं. महाराजांनी बोटीला सांगितलं काय शिजवायचं.

आता मला ज्यावर खरं बोलायचं होतं ते. १९३० आणि १९३१, गोलमेज परिषदा. ४ ऑक्टोबर १९३० ला डॉ. आंबेडकर मुंबईहून निघाले, बोट व्हाइसरॉय ऑफ इंडिया. १९२९ ची, पी अँड ओ ची सर्वांत डौलदार बोट. बोटीच्या पोटात पोहण्याचा तलाव. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ ला, गांधीजी राजपुताना बोटीने निघाले. पंचा, चादर, खालच्या वर्गाचं तिकीट. बरोबरच्या मंडळींनी फार ट्रंका आणल्या म्हणून ते रागावले आणि जादा सामान एडनहून परत पाठवायला लावलं. डेकवर सूतकताई, डेकवरच संध्याकाळची प्रार्थना. ११ सप्टेंबरला मार्सेय.

पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये अवघडलेला मुलगा त्रेचाळीस वर्षांनी त्याच वाटेने पंचा नेसून गेला आणि आता अवघडले ते बाकीचे. तो पंचा म्हणजे बिगुलाला दिलेला नकार होता. आणि आंबेडकरांचा तीन कपड्यांचा सूट? तोही नकारच होता, पण दुसऱ्या बिगुलाला. ज्या समाजाने आंबेडकरांच्या माणसांना धड कपडे घालू दिले नाहीत, नवं कापड घातलं तर मार दिला, त्या समाजाला त्या सुटाने उत्तर दिलं. उघडं राहणं हा ज्याच्यावर लादलेला नियम आहे, त्याने त्याग कशाचा करायचा? एकाच्या अंगावरचे कपडे कमी झाले ते सत्तेला लाजवण्यासाठी. दुसऱ्याच्या अंगावर पूर्ण सूट आला तो सन्मान मागण्यासाठी. त्याच कंपनीच्या बोटी, तोच समुद्र. यातला एक पोशाख खरा आणि दुसरा खोटा असं ठरवण्याची घाई आपण करू नये. दोघांनीही कपड्याला बोलायला लावलं. फक्त ऐकणारे वेगळे होते.

डेकखालची माणसं

आणि ज्यांच्याविषयी पोशाखाच्या गप्पांत कधीच बोललं जात नाही, त्यांच्याकडे येऊ. ही बोट चालवत कोण होतं? डेकवरचे खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे, कच्छ-गुजरातचे. त्यांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. एंजिनाच्या भट्टीवर पंजाबी आणि पठाण. भोजनगृहात वाढपी, बटलर, स्वयंपाकी पुष्कळसे गोव्याचे. धोबी तलाव, माझगाव भागात गोव्याच्या गावागावांचे कूड होते, म्हणजे त्या गावच्या मंडळींच्या वस्तीच्या खोल्या. दोन बोटींच्या मधले दिवस हे लोक तिथे काढत. भिंतीला लागून ट्रंका, मधे वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. साहेबाला कुठला काटा कुठे ठेवायचा हे गोव्याच्या वाढप्याला माहीत असे, आणि नवख्या साहेबाला तोच नजरेने खुणवून शिकवी.

या खलाशांना इंग्रज लॅस्कर म्हणत. त्यांचा करार वेगळा, पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी, झोपायची जागाही कमी. पण पोशाख मात्र देखणा! निळा लांब अंगरखा, कमरेला लाल रुमाल, डोक्याला लाल फेटा. उतारू त्यांची छायाचित्रं काढत. कॅप्टनच्या टेबलावरच्या काळ्या कोटाला आणि डेक धुणाऱ्याच्या लाल रुमालाला, दोघांनाही पोशाखाचा नियम होता. फरक एवढाच, की एकाला तो कोण आहे हे सांगण्यासाठी होता, दुसऱ्याला तो कुठे थांबायचा हे सांगण्यासाठी.

आता गंमत ऐका. वर भोजनगृहात साहेबाच्या कमरेला कमरबंद. मधे केबिनमध्ये, रात्री अंगात पायजमा. तोही इकडून गेलेला. आणि तळाला एंजिनात कामाचे जाडेभरडे कपडे, डंगरी. हा शब्द कुठला? आपल्या मुंबईच्या डोंगरीचा असं मानलं जातं. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्या कापडाला डोंगरी म्हणत, खलाशी ते वापरत आणि त्यांच्याबरोबर ते जगभर गेलं. म्हणजे वरपासून खालपर्यंत ती बोट आपल्याच शब्दांचे कपडे घालून चालली होती, आणि तिकिटाच्या खिडकीवर मात्र आपल्याला विचारलं जायचं, ‘तुमच्याकडे योग्य पोशाख आहे ना?’ (टाळ्या)

बिगूल थांबलं ते

हे जग संपलं कशाने? क्रांतीने नाही, विमानाने. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावर जेट विमानं उतारू नेऊ लागली. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं. जिथे पंधरा-वीस दिवस लागत, तिथे एक दिवस पुरला. तरी मधली काही वर्षं गंमतीची होती. लॉइड ट्रिएस्टिनोच्या एशिया आणि व्हिक्टोरिया या वातानुकूलित बोटी १९५३ पासून मुंबईला येत. अँकर लाइनच्या बोटी १९६६ पर्यंत लिव्हरपूलला जात. आपल्याकडची पुष्कळ डॉक्टर, इंजिनिअर मंडळी त्यांनीच गेली. पहिले दोन दिवस बोट लागून आडवी, मग उठून टाय शोधायला. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला, तो १९७५ पर्यंत. ती वाटच खुंटली.

लायनर गेल्या, सहलीच्या बोटी राहिल्या. १९६९ मध्ये आलेली क्वीन एलिझाबेथ टू जवळपास चार दशकं फिरली. आता ती दुबईत हॉटेल होऊन उभी आहे. काही कंपन्यांच्या बोटींवर आजही ठरावीक रात्री काळा कोट लागतो. बहुतेक ठिकाणी अर्धी चड्डी नको एवढंच सांगतात, आणि तेही विनंती म्हणून. मुंबईहून गोव्याला क्रूझने जाणारी आपली मंडळी तर ‘शुभ्र रात्री’साठी खास पांढरे कपडे विकत घेतात. हौसेने, सक्तीने नाही. मला त्यात वावगं काही वाटत नाही. नटणं ही माणसाची जुनी हौस आहे. आपण लग्नात नाही का, उकाड्यात शेरवानी घालून घाम पुसत बसतो?

प्रश्न एवढाच विचारावा, की नियम मोडला तर काय होतं. जुन्या बोटीवर पोलीस नव्हता. साधा कोट घालून आलात तर कुणी हात धरून बाहेर काढत नसे. फक्त नजरा वळत आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आपणहून केबिनमध्ये जेवण मागवत. कुंपण दिसायचं नाही, पण लागायचं. आज टाय गेला, बिगूल गेलं. नजरा गेल्या का, हे तुम्ही पुढच्या वेळी एखाद्या चकाचक हॉटेलच्या दारात साध्या चपला घालून उभे राहा आणि बघा. तिथल्या दरबानाच्या डोक्यावर बहुधा लाल फेटा असेल.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त टायची गाठ कशी मारतात हे विचारू नका, ते ज्ञान मामांबरोबर गेलं. (टाळ्या)